पावसातली वाट : सौताड्याचा रामेश्वर

मंडळी, बीड जिल्ह्यातल्या माणसाला पाऊस किती प्यारा आहे, हे आम्ही सांगायला नको. मृग कोरडा गेला की आपण आभाळाकडे पाहू लागतो. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, ती म्हातारी माणसे आजही भरल्या हंड्यातले पाणी सांडू देत नाहीत. अशा मुलखात ओढ्याला पाणी आले की लेकरे, बाया, बापे सगळेच पाहायला धावतात. त्यात नवल नाही.

पण ज्या पाण्याची आपण वाट पाहतो, त्याची ओळख आपल्याला कमी असते. कोकणातल्या माणसाचे पाण्याशी रोजचे नाते. आपल्याकडे नदी आठ-नऊ महिने वाळू दाखवते आणि दोन दिवसांत माणूस बुडेल इतकी भरते. म्हणून आपल्याला पाण्याचे कौतुक जास्त आणि धाक कमी.

गेल्या श्रावणात आमच्या रात्रीच्या वर्गाची मंडळी सौताड्याला गेली होती. बरोबर आम्हीही होतो. त्या दिवसाची हकीकत या धड्यात सांगतो. हकीकत लहान आहे. तिच्यातून घ्यायचे ते मात्र लहान नाही.

१. डोंगराचा आढा

सौताडा हे गाव पाटोदा तालुक्यात आहे. पाटोद्याहून जामखेडला जाताना ते लागते. गाव डोंगरावर आणि रामेश्वराचे देऊळ खाली दरीत. विंचरणा नदी वरच्या कड्यावरून या दरीत उडी घेते. पावसाळ्यात तो धबधबा पाहायला लांबून लोक येतात.

हा डोंगर म्हणजे बालाघाट. आपल्या जिल्ह्याच्या मधून तो आडवा गेला आहे. पत्र्याच्या घराला जसा मधोमध आढा असतो, तसा हा बालाघाट आहे. आढ्यावर पडलेले पाणी काही पुढच्या अंगणात पडते, काही मागच्या परसात. तसेच इथे होते.

बिंदुसरा नदी बीड शहरातून वाहते आणि सिंदफणेला मिळते. सिंदफणेवर माजलगावचे धरण आहे. सिंदफणा पुढे गोदावरीला मिळते. मांजरा नदीही पाटोदा तालुक्यातच उगम पावते. तीही फार लांबचा फेरा घेऊन शेवटी गोदावरीलाच मिळते. विंचरणेचे मात्र तसे नाही. ती जामखेडकडे उतरते, सीनेला मिळते. सीना भीमेला मिळते, भीमा कृष्णेला.

म्हणजे पाहा. एकाच तालुक्यात, एकाच ढगातून दोन थेंब पडले. एक गोदावरीच्या वाटेने गेला, दुसरा कृष्णेच्या. दोघे शेकडो कोस हिंडून आंध्र प्रदेशात बंगालच्या समुद्रालाच मिळाले. निघाले एका घरातून, पोचले एका घरी, पण वाटेत त्यांची गाठ नाही.

२. निघण्याची तयारी

आम्ही एकवीस जण होतो. त्यांत सहा बाया, चार म्हातारे, बाकी तरुण गडी. निघण्याआधी आम्ही चार गोष्टी पाहिल्या.

पहिली गोष्ट पायांची. गुळगुळीत तळाची चप्पल पावसात घात करते. तळाला खाचा असलेले आणि मागून पट्टा असलेले पायताण बरे. दुसरी गोष्ट काठीची. प्रत्येक म्हाताऱ्याच्या हाती काठी दिली. काठी म्हणजे तिसरा पाय. पाण्याची आणि चिखलाची खोली आधी तिने पाहावी, मग पाय टाकावा. तिसरी गोष्ट अंगावरची. कोणाकडे छत्री होती, कोणाकडे पोत्याची खोळ. आम्ही सांगितले, उतारावर छत्री मिटवा. एक हात मोकळा हवा, आणि वारा छत्रीसकट माणसाला ओढतो. भाकरी, पिठले, गूळ आणि कोरडे धडुते प्लास्टिकच्या पिशवीत बांधून घेतले.

चौथी गोष्ट सगळ्यांत सोपी, आणि तीच लोक विसरतात. कुठे चाललो, किती जण चाललो, कधी परत येणार, हे घरी सांगून निघालो. आणि माणसे मोजली. दर थांब्यावर पुन्हा मोजली. तरुण पोरे हसली. म्हणाली, "गुरुजी, आम्ही काय शेरडं हाव का मोजायला?" आम्ही म्हणालो, "शेरडे मोजतो म्हणूनच ती हरवत नाहीत."

३. आजीने वाचलेली पाटी

दरीत उतरायला पायऱ्या आहेत. रिमझिम चालू होती. दोन्ही बाजूंना सीताफळीची झाडे हिरवीगार झाली होती. बालाघाटचे सीताफळ नाणावलेले आहे. २०१६ साली बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे या मातीतल्या या फळाचे वेगळेपण सरकार-दरबारी नोंदले गेले. मधूनच मोर ओरडत होता. याच तालुक्यात नायगावला मोरांसाठी अभयारण्य आहे. ते १९९४ साली झाले.

उताराच्या तोंडाशी एक पाटी होती. तरुण गडी तिच्याजवळून पुढे गेले. आमच्या वर्गातली एक आजी मात्र थांबली. वय साठीच्या पुढे. दीड वर्षापूर्वी तिला अंगठ्याशिवाय काही येत नव्हते. तिने बोट धरून अक्षर अक्षर लावले. "पा-व-सा-ळ्या-त... पाण्याजवळ... जाऊ नये." मग ती पुन्हा सगळे एकदम वाचून म्हणाली, "गुरुजी, बराबर हाय का?"

बरोबर होते. आम्हाला फार आनंद झाला. त्या आनंदात आम्ही एक चूक केली. पुढे गेलेल्या पोरांना मागे बोलावून ती पाटी त्यांच्याकडून वाचून घेतली नाही. दहावी-बारावी झालेल्यांना पाटी काय वाचायला लावायची, असे वाटले. वाचता येणे ही एक गोष्ट आहे. वाचलेले ऐकणे ही दुसरी.

ओल्या पायऱ्यांवर कसे उतरावे, तेही सांगतो. पूर्ण तळवा टेकावा, टाच आधी टेकवू नये. हिरवे शेवाळ दिसेल तिथे पाय देऊ नये. काळा, खरबरीत दगड बरा. दोघांनी हात धरून उतरू नये, कारण एक घसरला की दुसऱ्याला घेऊन जातो. एकाच्या मागे एक, मध्ये दोन पायऱ्या सोडून चालावे.

४. धबधबा कसा होतो?

खाली पोचलो आणि सगळे गप्प झाले. वरून पाणी कोसळत होते. तोंडावर तुषार येत होते. एक जण म्हणाला, "देवानं चांगली जागा निवडली." दुसऱ्याने विचारले, "पण गुरुजी, पाणी इथंच का पडतं? थोडं अलीकडं, थोडं पलीकडं का नाही?"

प्रश्न चांगला होता. उत्तर असे आहे. आपला हा सगळा काळा दगड एके काळी तापलेला रस होता. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून हा रस बाहेर आला आणि थिजला. पुन्हा आला, पुन्हा थिजला. असे थरावर थर बसले. आपण विहीर खणतो तेव्हा हे दिसते. वर माती, मग मुरूम, मग सुरुंगाशिवाय न फुटणारा काळा पाषाण, त्याच्या खाली पुन्हा मऊ थर लागतो.

नदीला वाटेत असे थर लागतात. वरचा कठीण थर लवकर झिजत नाही. खालचा मऊ थर पाणी कोरून काढते. खालून आधार गेला की वरचा दगड तुटून पडतो. असा उभा कडा तयार होतो, आणि त्यावरून पाणी पडते. ज्या जागी पडते तिथे डोह होतो. म्हणजे धबधबा एका जागी बसलेला नाही. तो दगड खात खात फार सावकाश मागे सरकत असतो. आणि म्हणूनच कड्याच्या टोकाशी उभे राहू नये. आपल्या पायाखालचा दगड खालून पोखरलेला असेल, हे वरून दिसत नाही.

५. दोन धारांतले बेट

दर्शन झाले. भाकरी खाल्ली. देवळापासून काही अंतरावर नदीच्या पात्रात एक मोठा खडक होता. पाण्याच्या दोन धारा त्याच्या दोन बाजूंनी जात होत्या. मध्ये तो खडक बेटासारखा. त्याच्याकडे जायला पाण्यातून दहा-बारा पावले टाकायची. पाणी घोट्याएवढे. पाच तरुण त्या बेटावर गेले आणि मोबाइलवर फोटो काढू लागले. तिथून धबधबा फार छान दिसत होता, हे खरे.

आम्ही काठावर बसलो होतो. थोड्या वेळाने आमच्या लक्षात आले की पाण्याचा रंग बदलला आहे. मघाशी काच होती, आता चहा झाला. पाण्याबरोबर काटक्या आणि पाला येऊ लागला. आवाजही जड झाला. आमच्या डोक्यावर पाऊस नव्हता. पण वर, ज्या बाजूने नदी येते, तिकडचे आभाळ काळे होते.

मंडळी, ही खूण नीट ध्यानात धरा. पूर यायला आपल्या डोक्यावर पाऊस पडावा लागत नाही. वरच्या शिवारात पडला तरी पुरे. डोंगरातली नदी आखूड आणि उताराची. तिच्यात पाणी यायला तास-तास लागत नाहीत.

आम्ही उठून हाका मारल्या. एक जण म्हणाला, "गुरुजी, दोन मिंटं. घोट्याएवढं तर पाणी हाय." आम्ही दुसऱ्यांदा हाक मारली, तीही तशीच गेली. तेव्हा आजी उठली. ती काठाशी गेली आणि मोठ्याने ओरडली, "ए लेकरांनो, पाटीवर लिवलंय! मी वाचलंय! या माघारी!"

कशाने ते ठाऊक नाही, पण पोरे हलली. चौघे आले तेव्हा पाणी पिंढरीला लागत होते. पाचवा सगळ्यांत शेवटी निघाला. तेवढ्यात ते गुडघ्याला आले होते. मधल्या दोन पावलांत त्याचा तोल गेला. काठावरच्या एकाने काठी पुढे केली, ती त्याने धरली आणि तो बाहेर आला. आम्ही माणसे मोजली. एकवीस भरली.

आता खरे ते सांगतो. तो खडक बुडाला नाही. पाणी त्याच्या माथ्याच्या वीतभर खाली येऊन थांबले. पण खडकाकडे जायची वाट बुडाली. घोट्याएवढ्या पाण्याच्या जागी कंबरेएवढे पाणी धावत होते. अंधार पडायची वेळ झाली तरी ते ओसरले नव्हते.

शेवटी आलेला गडी म्हणाला, "खडक तर बुडला नाय. बसलो असतो निवांत. गुरुजी उगाच भ्याले."

६. आम्ही का भ्यालो

त्याला आम्ही रागावलो नाही. जवळ बसवून एक गोष्ट सांगितली. ती तुम्हालाही सांगतो. ही गोष्ट आम्ही फारशी कोणाला सांगितलेली नाही.

पुष्कळ वर्षे झाली. आम्ही तेव्हा नव्या उमेदीचे मास्तर होतो. शाळेची मुले घेऊन अशीच सहल काढली होती. परत येताना वाटेत नाल्याला पाणी आले. गुडघ्याएवढे असेल. पलीकडे गेलो तर संध्याकाळची एसटी मिळत होती. थांबलो तर मुक्काम पडत होता, आणि मुलांचे आई-बाप बोल लावतील अशी भीती होती. आम्ही म्हणालो, "चला, हात धरा."

आमच्या गुडघ्याएवढे पाणी चौथीतल्या मुलाच्या मांडीला लागते, हे आमच्या डोक्यात आले नाही. मधोमध एका मुलाचा पाय निसटला आणि हात सुटला. खालच्या अंगाला एक धनगर मेंढ्या घेऊन उभा होता. त्याने आपली काठी टाकली, तिच्या आकड्यात मुलाचा सदरा अडकला आणि मूल हाती लागले. तो धनगर तिथे नसता तर काय झाले असते, हा विचार आजही रात्री आम्हाला उठवतो.

त्या मुलाच्या घरी आम्ही स्वतः जाऊन सगळे सांगितले. त्याची आई आम्हाला एक शब्द बोलली नाही. तिने पदराने मुलाचे डोके पुसले आणि आत नेले. आईने शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

दोष पाण्याचा नव्हता. घाईचा होता, आणि घाई आमची होती. एसटी चुकेल या भीतीने आम्ही मोठी भीती विसरलो.

गडी ऐकत होता. तो काही बोलला नाही. बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "मधी पाय उचलला, तर खाली टेकंनाच. पानी पाय घेऊन जात व्हतं." मघाशी हे त्याने कोणाला सांगितले नव्हते.

७. पाण्याचा रेटा

पाणी पाय का घेऊन जाते? एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर खोल खड्डा घ्या. त्यात हजार लिटर पाणी मावते. त्याचे वजन दहा क्विंटल. दहा क्विंटल सोयाबीन डोंगरावरून आपल्या अंगावर लोटले तर आपण उभे राहू का? वाहते पाणी तसेच असते. त्यातही, पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. म्हणून वेगाचे पाणी गुडघ्याच्या खाली असले तरी माणसाला पाडते. फूट-दोन फूट पाणी मोटारगाडी उचलते. फरशी पुलावरून पाणी चालले असताना मोटारसायकल घालणारे आपण पाहतो. पाण्याखाली फरशी शाबूत आहे की वाहून गेली, हे गढूळ पाण्यात दिसत नाही.

पाण्यापुढे फौजाही थांबतात. आपल्याच जिल्ह्यात गेवराई तालुक्यात गोदाकाठी राक्षसभुवन आहे. १० ऑगस्ट १७६३ रोजी तिथे थोरले माधवराव पेशवे आणि निजाम यांची लढाई झाली. पेशव्यांचे वय तेव्हा अवघे अठरा. निजाम काही फौजेसह गोदावरी ओलांडून पलीकडे गेला होता. त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह अलीकडच्या तीरावर राहिला. नदीला पूर होता. मराठ्यांनी नेमका तेव्हा हल्ला केला. विठ्ठल सुंदर मारला गेला. निजामाला पलीकडून मदत पाठवता आली नाही. एवढा मोठा निजाम, हत्ती-घोडे-तोफांचा धनी, पण नदीने त्याला थांबवले. मग आपण एका मोटारसायकलीवर तिला काय जिंकणार?

फार जुने कशाला, सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. आपल्या जिल्ह्यातल्या नद्याही पात्र सोडून शेतांत आल्या. तो पूर आपण सगळ्यांनी पाहिला आहे.

८. विजेचा हिशेब

पावसातल्या वाटेवर दुसरा धोका विजेचा. मराठवाड्यात दर वर्षी वीज पडून माणसे आणि जनावरे दगावतात. वीज चमकली की मनात मोजायला लागा. गडगडाट ऐकू येईपर्यंत किती आकडे झाले ते पाहा. आवाज तीन सेकंदांत सुमारे एक किलोमीटर चालतो. तीसच्या आत आवाज आला तर वीज आपल्याला गाठण्याच्या टप्प्यात आहे. लगेच पक्क्या घरात जा. झाडाखाली थांबू नका. घर जवळ नसेल तर सखल जागी पाय जुळवून उकिडवे बसा, जमिनीवर आडवे होऊ नका. शेवटचा गडगडाट होऊन अर्धा तास जाऊ द्या, मगच बाहेर पडा. पुण्याच्या हवामान संस्थेने "दामिनी" नावाचे ॲप काढले आहे. जवळपास वीज पडण्याचा संभव असेल तर ते मोबाइलवर सांगते. घरातल्या शिकल्या लेकराकडून ते लावून घ्या.

तिसरा धोका सापाचा. बिळात पाणी गेले की साप उंचावर, दगडाच्या कपारीत येतो. न पाहता कपारीत हात घालू नये. साप चावलाच तर कापू नये, चोखू नये, दोरी आवळू नये. माणसाला धीर द्यावा, चावलेला अवयव हलू देऊ नये आणि तडक सरकारी दवाखान्यात न्यावे. मंत्र घालण्यात गेलेला वेळ परत मिळत नाही.

९. परतीची वाट

आम्ही दिवस असताना दरीतून वर आलो. चढताना शेवटी आलेल्या गड्याने आजीचे गाठोडे आपल्या खांद्यावर घेतले होते. पाटीपाशी तो थांबला. त्याने ती पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत मोठ्याने वाचली. आजी म्हणाली, "आता बराबर हाय."

गावात आल्यावर सगळ्यांनी चहा घेतला. आम्ही पुन्हा माणसे मोजली. या वेळी कोणी हसले नाही.

पाऊस आपल्याकडे पाहुण्यासारखा येतो. त्याला पाहायला जरूर जावे. सौताड्याला जावे, मांजरसुंब्याजवळ कपिलधारला जावे. डोळे भरून पाणी पाहावे. पण काठावरून पाहावे, आणि सगळ्यांनी मिळून घरी परत यावे.

लक्षात ठेवा

१. पाणी गढूळ झाले, काटक्या-पाला आला, आवाज वाढला, की ताबडतोब पात्राबाहेर या. सामान राहिले तर राहू द्या.
२. पात्रातल्या खडकावर किंवा बेटावर जाऊ नका. खडक बुडत नाही, वाट बुडते.
३. वाहत्या पाण्यातून रस्ता ओलांडू नका. थांबा. मुक्काम पडला तर पडू द्या.
४. कोणी वाहून जात असेल तर मागे उडी टाकू नका. काठावरून काठी, दोर, धोतर किंवा लुगडे फेका.
५. मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, जिल्ह्याच्या आपत्ती कक्षासाठी १०७७ हे आकडे पाठ करा.

कठीण शब्द

आढा : छपराच्या मधोमध असलेली उंच आडवी ओळ
तुषार : पाण्याचे बारीक उडणारे थेंब
पात्र : नदी जिथून वाहते ती जागा
रेटा : ढकलण्याचा जोर
मानांकन : सरकारने नोंदवलेली खूण

प्रश्न

१. विंचरणेचे पाणी कोणकोणत्या नद्यांतून समुद्राला मिळते? मोठ्याने सांगा.
२. डोक्यावर पाऊस नसताना नदीला पाणी कसे वाढले?
३. गुरुजींच्या हातून पहिल्या सहलीत कोणती चूक झाली? या सहलीत कोणती झाली?
४. तुमच्या गावाजवळ पाण्याची धोक्याची जागा कोणती? तिथे लावायची पाटी आपल्या पाटीवर लिहा. अक्षर मोठे काढा.